दोनशे रुपयांचा थर्मामीटर: कोणता घ्यायचा आणि जिभेखाली कसा धरायचा

औषधाच्या दुकानात "एक थर्मामीटर द्या" म्हटलं की दुकानदार काउंटरवर तीन खोकी मांडतो. एक शंभर-सव्वाशेचं, एक दोनशे-अडीचशेचं, एक पाचशेच्या पुढचं. तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही खोक्यांकडे बघता, मागून कुणीतरी हात लांबवून पॅरासिटामॉलची पट्टी मागतं, आणि त्या घाईत आपण मधलं खोकं उचलून चालू लागतो.

बहुतेक वेळा मधलंच बरोबर निघतं. पण ते का बरोबर आणि मधल्या किमतीतलंही कोणतं टाळायचं, एवढं कळलं तर घाईतही फसायला होत नाही. माझा भाचा नोकरीसाठी पुण्यात खोली घेऊन राहिला आणि पहिल्याच पावसाळ्यात तापाने फणफणला. रात्री साडेअकराला फोन. "मामा, ताप आलाय." "किती?" "माहीत नाही, अंग गरम लागतंय." स्वतःच्या हाताने स्वतःचं कपाळ बघून काही कळत नाही, कारण हातही तेवढाच तापलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो दुकानात उभा असताना फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सवडीने लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरच्या थर्मामीटरमध्ये जास्त पैसे मोजून जास्त अचूकपणा मिळत नाही, फक्त सोय मिळते. चुका होतात त्या यंत्रात कमी आणि तोंडात धरण्यात जास्त. म्हणून खरेदीला दहा मिनिटं द्या आणि लावायची रीत शिकायला त्याहून जास्त.

आधी प्रकार ठरवा

घरात मोठी माणसं आणि पाच वर्षांपुढची मुलं असतील तर जिभेखाली धरायचा साधा, काडीसारखा डिजिटल थर्मामीटर पुरतो. तोच काखेतही लावता येतो, त्यामुळे घरात तान्हं बाळ असलं तरी वेगळ्या प्रकाराची गरज पडत नाही.

कपाळासमोर धरायचं इन्फ्रारेड यंत्र करोनाच्या काळात सोसायटीच्या फाटकापासून देवळाच्या दारापर्यंत सगळीकडे होतं. ते कातडीचा उष्मा मोजतं. कपाळावर घाम असेल, पंख्याखाली बसला असाल, नुकतेच उन्हातून आला असाल, तर आकडा हलतो. रांगेतली माणसं झरझर तपासायला ते ठीक आहे. एकाच माणसाचा ताप चार दिवस नीट बघायचा तर काडी बरी. कानात लावायचा प्रकार वेगवान असतो, पण महाग असतो आणि कानात तो नीट कोनात बसावा लागतो.

आणि पाऱ्याचा? आमच्या घरी तो होता, आईच्या कपाटात, लोकरीच्या तुकड्यात गुंडाळलेला. एकदा फुटला तेव्हा आम्ही भावंडं त्या चकचकीत गोळ्या तळहातावर खेळवत बसलो होतो. आता आठवलं की काटा येतो. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. २०१३ च्या मिनामाता करारात पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात बंद करण्यासाठी २०२० ही मुदत ठरली. काही देशांना वाढीव वेळ मिळाला, आणि भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला. तरीही "जुनाच भरवशाचा" म्हणून कुणी गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नका. घरात जुना असेल आणि फुटला, तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. त्याने पारा पसरतो. मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करून खिडक्या उघडा, जाड कागदाने गोळ्या एकत्र ढकला, बारीक राहिलेल्या चिकटपट्टीने टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. मोरीत टाकू नका.

आत काय असतं आणि जास्तीचे पैसे कशाचे

काडीच्या टोकाला धातूची टोपी असते. तिच्या आत थर्मिस्टर नावाचा अगदी छोटा भाग बसवलेला असतो. तो जितका तापेल तितका त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. बाजूची चिप तो विरोध मोजते आणि त्याचा आकडा करून पडद्यावर दाखवते. बस्स, एवढंच. हे भाग स्वस्तात बनतात, म्हणूनच दोनशे रुपयांतही चांगली वस्तू मिळते.

बऱ्याच खोक्यांवर अचूकपणा ± ०.२ अंश फॅरेनहाइट किंवा ± ०.१ अंश सेल्सिअस असा छापलेला असतो. शंभर-सव्वाशेच्या आणि चारशेच्या वस्तूंवर हाच आकडा सापडतो. मग फरक कुठे? वेळेत. साधी काडी जिभेखाली तापून स्थिर व्हायला मिनिटभर घेते. "१० सेकंद" लिहिलेली काडी स्थिर होईपर्यंत थांबत नाही. पहिल्या काही सेकंदांत पारा, म्हणजे आता पारा नाहीच, पण आकडा किती वेगाने चढतोय ते बघून तो शेवटी कुठे पोचेल याचा ती अंदाज बांधते. अंदाज बहुतेकदा बरोबर निघतो. पण काडी मध्येच हलली किंवा तोंड उघडलं तर त्याच अंदाजाला आधी धक्का बसतो. किरकिरं मूल असेल तर दहा सेकंदांसाठी जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाने कशाला द्यावेत? ताप असताना मिनिटभर गप्प पडून राहायला कुणाला त्रास होतो!

ताप चढला की पडदा लाल होणं, मोबाइलच्या ॲपला जोडणं, दोन दशांशांपर्यंत आकडा दाखवणं ही सगळी सजावट आहे. दोन दशांशांचा थर्मामीटर पाळीच्या चक्रातला बारीक चढउतार टिपणाऱ्यांच्या कामाचा. तापासाठी एक दशांश भरपूर झाला.

खोकं हातात घेऊन वाचा

सर्वांत आधी एकक बघा. हे मी मुद्दाम पहिलं सांगतोय, कारण इथेच सगळ्यात जास्त पस्तावा होतो. आपल्याकडे ताप फॅरेनहाइटमध्ये बोलला जातो. "एकशे दोन आहे" म्हटलं की आजीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना कळतं. काही स्वस्त काड्या फक्त सेल्सिअस दाखवतात. मध्यरात्री पडद्यावर ३८.९ दिसलं तर ते किती हे आठवत बसावं लागतं. काही मॉडेलांत बटण दाबून धरलं की एकक बदलतं, काहींत बदलतच नाही. खोक्यावर नीट लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला चालू करून दाखवायला सांगा. सेल्सिअसवालाच घरी असेल तर एवढे चार आकडे त्याच्या डब्यावर चिकटवा: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४.

मग परवाना बघा. डिजिटल थर्मामीटर १ जानेवारी २०२१ पासून देशात औषधांच्या कायद्याखाली येतो. त्यामुळे खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयात करणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक असायला हवा. त्या क्रमांकात "एमडी" ही इंग्रजी अक्षरं दिसतात, मेडिकल डिव्हाइस या अर्थाने. बॅच नंबर, बनवल्याचा महिना-वर्ष, कुठल्या देशात बनला तेही लिहिलेलं असतं. यातलं काहीच नसून नुसतं चकचकीत चित्र आणि "बेस्ट क्वालिटी" असेल तर ते खोकं जागच्या जागी ठेवून द्या. शंभर रुपयांखाली रस्त्यावर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या बेनामी काड्या बहुधा या परीक्षेतच नापास होतात.

छापील किमतीवरून दर्जा जोखू नका. करोनाच्या काळात थर्मामीटर, ऑक्सिमीटर, रक्तदाब बघायचं यंत्र यांच्या छापील किमती इतक्या फुगल्या होत्या की जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने अशा पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. चारशे छापून दोनशेला देतो म्हणजे दुकानदार उपकार करतो असं नाही. छापील किमतीपेक्षा जास्त मागितले किंवा बिल द्यायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

कंपन्यांपैकी हिक्स, ओमरॉन, डॉ. मोरेपेन ही नावं आपल्याकडच्या औषध दुकानांत हमखास दिसतात. यांच्यापैकीच घ्या असं मी म्हणत नाही. ओळखीच्या नावाचा फायदा एवढाच की बिघडला तर बदलून मागायला कुणीतरी समोर असतं. वॉरंटी किती महिन्यांची ते विचारा आणि बिलाचा लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. औषधाच्या दुकानातलं बिल आठवड्याभरात कोरं होतं, हे तुम्हालाही माहीत असेल.

"वॉटरप्रूफ" आणि "वॉटर रेझिस्टंट" हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला सहसा नळाखाली धरून धुता येतो, दुसऱ्यावर थेंब उडाले तर चालतात, एवढंच. धुणं सोपं व्हावं म्हणून वीस-तीस रुपये जास्त द्यायचे झाले तर ते इथे द्या.

टोक लवचीक की कडक? लहान मूल किंवा हातपाय झाडणारा माणूस घरात असेल तर लवचीक. नाहीतर कडक टोकानेही काम भागतं.

दुकानातच चार गोष्टी करून बघा

टोपण न काढता बटण दाबायला सांगा. चालू होताना पडद्यावर सगळे आठ एकदम उमटतात, १८८.८ असे काहीतरी. हा दिखावा नसतो, ती तपासणी असते. प्रत्येक आकडा सात छोट्या रेघांनी बनतो, आणि एखादी रेघ मेलेली असली तर आठ जागी भलतंच दिसतं. मधली रेघ गेली की आठचा शून्य होतो आणि १००.८ ताप १००.० दिसतो. सगळे आठ पूर्ण दिसतात का ते डोळे बारीक करून बघा.

त्यानंतर बहुतेक काड्या मागच्या वेळचा आकडा क्षणभर दाखवतात आणि मग "एल" किंवा "एलओ" लुकलुकायला लागतं. घाबरू नका, त्याचा अर्थ सेल संपला असा नाही. टोकाचं तापमान मोजायच्या पट्ट्याच्या खाली आहे, म्हणजे साधारण ९० अंश फॅरेनहाइटच्या आत, एवढाच त्याचा अर्थ. आता टोपण काढा आणि धातूचं टोक दोन बोटांत घट्ट धरा. आकडा चढू लागला पाहिजे. तोंडात घालून बघायचा मोह आवरा.

बीपचा आवाज ऐका. घरात आजी-आजोबा असतील तर हे फार महत्त्वाचं, कारण वय झालं की आधी बारीक, उंच आवाजच ऐकू येईनासा होतो, आणि थर्मामीटरची बीप नेमकी तशीच असते. ती ऐकू आली नाही तर ते काडी तोंडात धरून बसून राहतात किंवा कंटाळून आधीच काढतात. अशा घरात बीपच्या भानगडीत न पडता घड्याळ लावून दोन मिनिटं धरायची सवय करा.

चौथी गोष्ट सेलची. मागचं झाकण उघडतं का? स्वस्तातल्या काहींना झाकणच नसतं, सेल संपला की वस्तू कचऱ्यात. बहुतेकांत एलआर ४१ हा बटणासारखा सेल लागतो, घड्याळाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तर उत्तम, कारण जेमतेम आठ मिलिमीटरचा तो सेल मुलं सहज गिळतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

घरी आणल्यावर

पहिल्यांदा धुवा. कोमट पाणी आणि साबण, किंवा स्पिरिट लावलेला कापूस. उकळत्या पाण्यात घालू नका, आतलं सगळं त्याच वेळी संपतं.

खरा दाखवतो का हे बघायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. शेजारून दुसरा थर्मामीटर आणा, दोघांची टोकं जुळवून रबरबँड लावा, दोन्ही चालू करा आणि कपभर कोमट पाण्यात नुसती टोकं बुडवा. पाणी हाताला जेमतेम उबदार लागावं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला घेतो तसं. फार गरम असेल तर दोघंही "एच" दाखवून मोकळे होतील. दोघांचे आकडे ०.४ अंश फॅरेनहाइटच्या आत आले तर दोघंही प्रामाणिक आहेत असं समजा. प्रत्येकाला ०.२ इकडेतिकडे व्हायची मुभाच दिलेली आहे. त्याहून जास्त फरक पडला तर तिसरा आणून बघा. बर्फाच्या पाण्यात तपासा असा सल्ला कुणी दिला तर मनावर घेऊ नका. प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरसाठी तो बरोबर आहे, हा मात्र तिथे नुसता "एल" म्हणेल.

आता जे कुणीच करत नाही ते करा. अंगात काही नसताना तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघून लिहून ठेवा. ९८.६ हा आकडा आपल्या डोक्यात इतका घट्ट बसलाय की ९९ दिसलं की घरात धावपळ सुरू होते. तो आकडा १८६८ सालचा. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख या डॉक्टराने सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून तो काढला होता. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी माणसांचं तोंडातलं तापमान पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी ९८.२ आली आणि निरोगी माणसाची वरची हद्द ९९.९ पर्यंत गेली. शिवाय दिवसभरात अंग स्वतःहून चढतं-उतरतं. पहाटे सगळ्यात थंड, दुपारी चार ते सहाच्या सुमाराला सगळ्यात गरम. म्हणजे संध्याकाळी पाचला ९९.२ असणारा माणूस धडधाकट असू शकतो आणि पहाटे पाचला तेवढंच असणाऱ्याच्या अंगात काहीतरी शिजत असू शकतं. तुमचा स्वतःचा आकडा माहीत असेल तरच हा फरक ओळखू येतो.

जिभेखाली नीट कसा धरायचा

आधी वाट बघा. चहा, थंड पाणी, जेवण, सिगारेट, पान-तंबाखू, मिश्री यातलं काहीही झालं असेल तर वीस-तीस मिनिटं थांबा. कढत चहानंतरचा १०१ हा चहाचा ताप असतो, माणसाचा नाही. गरम पाण्याची अंघोळ किंवा जिना चढून आल्यावरही थोडा वेळ बसा.

बटण दाबा, "एल" लुकलुकू द्या. मग आ करा, जीभ वर उचला आणि आरशात बघा. जिभेला खालून जोडणारी एक पातळ दोरी दिसेल. तिच्या मुळाशी, अगदी मागे, दोन्ही बाजूंना एकेक खळगा आहे. रक्तवाहिन्या जवळ असल्याने तिथेच अंगाचा खरा उष्मा सापडतो. टोक तिथे बसवा. बहुतेक लोक काडी जिभेखाली पुढच्या दातांजवळ ठेवतात आणि आकडा निष्कारण कमी येतो. भाच्याचंही तेच झालं होतं. त्याला "९७" येत होतं आणि अंग भट्टी झालेलं. टोक मागे सरकवायला लावल्यावर १०२ निघाला.

जीभ खाली टेका, ओठ मिटा, दात आवळू नका. श्वास नाकाने. काडी हाताने धरून ठेवा, नाहीतर ती लोंबकळून टोक जागचं हलतं. बोलू नका, कुणी फोनवर "किती आला?" विचारत असेल तरी. सर्दीने नाक चोंदलेलं असेल, माणूस धापा टाकत असेल तर तोंड उघडं राहणार आणि हवेने टोक गार पडणार. अशा वेळी तोंडाचा नाद सोडा आणि काखेत लावा.

बीप वाजली म्हणजे आकडा चढायचा वेग मंदावला, एवढंच ती सांगते. अजून अर्धा मिनिट ठेवलात तर बऱ्याच साध्या काड्यांत आकडा एखाद-दोन दशांश वर सरकतो. काढल्यावर घाईने बघायची गरज नाही, सगळ्यात वरचा आकडा पडद्यावर तसाच थांबतो. म्हणूनच लगेच पुन्हा मोजायचं असेल तर आधी बंद करून चालू करा, नाहीतर जुनाच आकडा दिसत राहील. आणि जुन्या सवयीने झटकू नका! पाऱ्याला झटकावं लागायचं, ह्याला झटकलं तर फक्त भिंतीवर आपटतो.

काखेत लावायचा तर घाम पुसा, टोक खळग्याच्या मधोमध येऊ द्या, दंड छातीशी घट्ट दाबा आणि बीपकडे दुर्लक्ष करून चार-पाच मिनिटं ठेवा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी येतो. त्यात मनाने एक अंश मिळवून डॉक्टरांना सांगू नका. "काखेत १००.२" असं जे दिसलं ते, जिथे मोजलं त्यासकट सांगा. हिशेब ते करतील.

चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या, बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात थर्मामीटर घालायचा नाही. तापात झटके येत असतील तर तोंडात काहीच घालायचं नाही, ना थर्मामीटर, ना चमचा, ना बोट. कुशीवर वळवा आणि मदत बोलवा.

आकडा आला, पुढे काय

१००.४ आणि त्यापुढे म्हणजे ताप, हा सर्वसाधारण नियम. तीन महिन्यांखालच्या बाळाला एवढा ताप आला तर रात्र असो की रविवार, डॉक्टरांकडे जायचं. मोठ्यांच्या बाबतीत आकड्यापेक्षा त्याच्या जोडीला काय आहे ते जास्त बोलतं: मान आखडणं, धाप, अंगावर पुरळ, कुठूनही रक्त, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं. यातलं काही असेल तर १०० ला सुद्धा थांबू नका. नुसताच ताप १०३ च्या वर गेला किंवा तीन दिवस हटला नाही, तरी दाखवा.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डेंग्यूमध्ये ताप उतरतो तेव्हाच, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. थर्मामीटरवर ९८ दिसतं, घरचे "सुटलो एकदाचे" म्हणतात, आणि रुग्णाचं पोट दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात. अशा वेळी थर्मामीटर खरंच बोलत असतो, पण पूर्ण बोलत नाही. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत हेही इथेच सांगतो.

दर दहा मिनिटांनी ताप बघू नका, माणूस तापापेक्षा तपासण्यानेच दमतो. दिवसातून तीन-चार वेळा पुरे, शिवाय थंडी वाजून आली की एकदा. वहीत चार रकाने करा: वेळ, आकडा, तोंड की काख, गोळी कधी घेतली. गोळीनंतर तासाभराने मोजलेला ९९ आणि गोळीचा असर ओसरल्यावरचा ९९ सारखे नसतात, म्हणून चौथा रकाना गाळू नका. मलेरियात थंडी भरून ताप चढणं, घाम येऊन उतरणं आणि पुन्हा तेच, असा फेर दिसू शकतो. तो तुमच्या वहीतून डॉक्टरांना अर्ध्या मिनिटात दिसतो. तोंडी "रात्री खूप होता" एवढ्याने काय कळणार?

आणि "अंगात मुरलेला ताप आहे, थर्मामीटरमध्ये येत नाही" असं घरात कुणी म्हणालं तर वाद घालू नका. टोक नीट बसवून वेगवेगळ्या वेळी तीनदा मोजा. तरी आला नाही आणि कणकण, अंगदुखी जात नसेल तर तेच डॉक्टरांना सांगा. नवा थर्मामीटर आणायची गरज नाही.

धुणं, ठेवणं, सेल

प्रत्येक वापरानंतर धुवा, पुसा, वाळू द्या, मग टोपण लावा. ओला तसाच टोपणात कोंबला तर वास येतो. बाळाच्या गुदद्वारात वापरलेला थर्मामीटर पुन्हा कुणाच्याही तोंडात जाता कामा नये. त्यापेक्षा दोन घ्या आणि एकावर रंगीत चिकटपट्टी लावा. वसतिगृहात किंवा खोलीवर राहणाऱ्यांनी ज्याचा त्याचा वेगळा ठेवावा.

ठेवायची जागा सावलीतली हवी. बऱ्याच थर्मामीटरच्या माहितीपत्रकात वापरायची खोली १० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावी असं लिहिलेलं असतं. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात पत्र्याखालची खोली दुपारी सहज याच्या पुढे जाते. तिथे चालू केल्याबरोबर "एल" ऐवजी थेट शंभराच्या पुढचा आकडा दिसला तर तो खोलीचा ताप आहे. माठाजवळ किंवा कूलरच्या खोलीत दहा मिनिटं ठेवा, "एल" दिसू द्या आणि मग लावा. गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका.

आकडे फिके दिसायला लागले किंवा बॅटरीचं चिन्ह आलं की सेल बदला. सेलवर अधिकचं चिन्ह असलेली बाजू कुठे होती ते जुना काढण्याआधी बघून ठेवा. बदलल्यावरही पडदा कोराच राहिला तर दहापैकी नऊ वेळा सेल उलटा बसलेला असतो, भाच्याने मला पुन्हा एकदा रात्री फोन केला होता तो याचसाठी.